दादांचा आवाज आणि नवे यंत्र

ग्वाल्हेरचा ज्येष्ठ महिना ज्याने सोसला आहे, त्यास उष्मा म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांवर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि भिंतींतून मध्यरात्रीपर्यंत धग निघत राहते. अशाच एका सायंकाळी, दोन वर्षांपूर्वी, लष्करातील आमच्या जुन्या घरात दादांचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक बंद पडला. प्रथम मोठी घरघर झाली, मग जळक्या डांबरासारखा वास सुटला आणि मग सारे शांत झाले. तबकडी मात्र फिरतच होती. वहिनी देवापाशी वाती वळीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गेलें तें." एवढेच. आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. शिंदेशाहीच्या सेवेत जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांच्यासारखे जे सारस्वत मुत्सद्दी व सरदार उत्तरेत आले, त्यांच्याच मागोमाग पेडणे महालातून आमचे कोणी पूर्वज इकडे आले, असे घरात सांगत आलेले आहेत. कागदोपत्री पुरावा आमच्यापाशी नाही. आहे तो एवढाच, की सात-आठ पिढ्या चंबळेच्या अलीकडे काढूनही घरातल्या बायका आपसांत कोंकणी बोलतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कुळदेवतेच्या पायांशी जाऊन आल्याखेरीज कोणास चैन पडत नाही. वहिनी तर फोंड्याकडच्याच.

दादांना दोन व्यसने होती, एक गाण्याचे आणि दुसरे गाणे साठवण्याचे. ग्वाल्हेरात जन्मलेल्या माणसास पहिले व्यसन जडले तर त्यात त्याचा दोष तो काय? हद्दू-हस्सूखाँचे हे गाव. इथल्याच वासुदेवबुवा जोश्यांपाशी शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढले ते इथेच, आणि भातखंड्यांच्या योजनेने १९१८ साली माधव संगीत विद्यालय उभे राहिले तेही इथेच. २०२३ साली युनेस्कोने ह्या शहरास 'संगीत नगरी' म्हणून गौरविले, तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या होत्या, "तांकां आतां कळ्ळें!"

पण ही हकीकत दादांच्या तबकड्यांची नव्हे. घरात एक ध्वनिफीत आहे, मोठ्या चकरीची. १९७४ साली आम्ही सारे कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास गेलो असता सभामंडपात दादांनी दोन भजने म्हटली होती, आणि एका आप्ताने आपल्या टेपरेकॉर्डरवर ती उतरून घेतली होती. दादा व्यावसायिक गवई नव्हते. आवाज खुला, पण श्वास अपुरा. पहिले भजन संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी, घंटेच्या नादात आणि लोकांच्या गलबल्यात, फितीवर एक बाईमाणसाचा आवाज अस्पष्ट येतो: "बाबू, मातशें उदक पी रे, मागीर म्हण." ती आमची आई. ती १९७८ साली गेली. तिचा आवाज जगात आता दुसरीकडे कोठेही नाही. दादा गेल्यापासून दर गुरुवारी दिवेलागणीनंतर वहिनी ही फीत ऐकतात. फीत झिजू नये म्हणून दादांच्या मुलाने तिची संगणकावर नक्कल करून ठेवली आहे, आणि जुन्या ध्वनिवर्धकातून ती नक्कलच वाजत असे.

तेव्हा नवे यंत्र घ्यावयाचे ते ह्या एका वाक्यासाठी, हे प्रथमपासूनच आमच्या मनात होते.

आधी जुने दुरुस्त होते का ते पाहिले. दौलतगंजात एक वृद्ध कारागीर होते. त्यांनी पेटी उघडली, आत पाहिले आणि आमच्या हातावर हात ठेवून हिंदीत म्हणाले की, रोहित्र जळाले आहे, धारित्रे सुकून फुटली आहेत. नवे रोहित्र गुंडाळून घेता येईल, पण विजेचा दाब असाच चढत-उतरत राहिला तर तेही पुढच्या उन्हाळ्यात जाईल. शिवाय हे यंत्र नुसते चालू ठेवले तरी दीडशेच्या वर वॉट वीज खाते आणि त्यातली बहुतेक उष्णता होऊन खोलीत पसरते. जानेवारीत ह्या उबेचे आम्हांस कौतुकच वाटे. जूनमध्ये मात्र बारा फूट रुंद आणि चौदा फूट लांब खोलीत ती शेगडी घेऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने बसावे, हे आम्हांस कधीच रुचले नव्हते.

पुतण्या पुण्यास विजेच्या शास्त्रात मुरलेला. त्याने फोनवर सांगितले, "काका, डी वर्गाचा घ्या. नऊ-दहा दशांश वीज आवाजाच्या कामी येते, उष्णता नाममात्र." आम्ही विचारले, "डी म्हणजे डिजिटल का रे?" तो म्हणाला, "सारे जग असेच समजते. ए, बी, सी झाले म्हणून पुढचे अक्षर डी, एवढेच."

मग त्याने आम्हांस समजावून दिले ते आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे वाचकांस सांगतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर हा अर्धवट उघड्या ठेवलेल्या नळासारखा असतो. आवाज जसा चढेल-उतरेल तसा तो कमी-अधिक उघडतो, आणि अर्धवट उघड्या नळात जो दाब अडतो त्याची उष्णता होते. डी वर्गात नळ एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. मधली स्थिती जवळजवळ नाहीच. मात्र तो सेकंदास काही लाख वेळा उघडतो आणि मिटतो. आवाजाची लाट वर चढेल तेव्हा उघडे राहण्याचा काळ लांबतो, खाली उतरेल तेव्हा आखडतो. शेवटी एक वेटोळे आणि एक धारित्र मिळून ती उघडझाप गाळून टाकतात आणि मूळ आवाजाची लाट तेवढी स्पीकरकडे जाते. कल्पना जुनीच आहे. १९६४ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने ह्या जातीचा संच विकावयास काढला होता. परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर इतकी चपळ उघडझाप करू शकत नसत. गेल्या शतकाच्या अखेरीस ती चपळाई आली. २००१ च्या सुमारास हॉलंडच्या फिलिप्स कंपनीत ब्रुनो पुत्झेस ह्या अभियंत्याने केलेली रचना आणि डेन्मार्कात झालेले प्रयत्न यांमुळे ह्या जातीस घरगुती संगीतातही मान मिळाला.

इतके पटूनही आमचे मन व्हॉल्व्हपाशी अडले होते. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तीन अग्रांचा व्हॉल्व्ह केला, तेव्हापासून अर्ध्या शतकाचे सारे रेडिओ आणि ग्रामोफोनचे ध्वनिवर्धक ह्या काचेच्या नळ्यांवर चालले. आम्ही ऐकलेले पहिले गाणे, पहिली बातमी, पहिले कीर्तन त्यांतूनच आले. व्हॉल्व्हचा आवाज 'गोड' असतो असे जाणकार म्हणतात, त्यामागे नुसता स्मृतीचा मोह नाही, कारणही आहे. कोणताही ध्वनिवर्धक मूळ सुरात थोडीफार भेसळ करतोच. साध्या व्हॉल्व्हची भेसळ मुख्यतः दुप्पट कंपनांची असते, म्हणजे मध्य षड्जावर तार षड्जाची. त्याखालोखाल तिप्पट, म्हणजे तार सप्तकातील पंचमाची. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उठणारे स्वर ते हेच. पाचव्या पटीस तर स्वयंभू गांधार. तेव्हा व्हॉल्व्ह खोटे बोलतो खरा, पण सुरात खोटे बोलतो. सातव्या पटीसारखी वरची भेसळ, जी कोमल निषादाहूनही उतरलेली असते, तीच कानास टोचते. आणि चांगल्या रचनेत तिचे प्रमाण ऐकू न येण्याइतके कमी ठेवलेले असते.

ह्या दोहोंचा संगम करणारी जात बाजारात आहे, असे पुतण्यानेच सांगितले. एकाच पेटीत प्रथम व्हॉल्व्ह, जे तबकडीचा वा संगणकाचा नाजूक संकेत हाताळतात, आणि शेवटी डी वर्गाचे अंग, जे स्पीकर हलविण्याचे श्रमाचे काम करते. म्हणजे आलापी एकाने करावी आणि तान दुसऱ्याने घ्यावी. असे दोन लहान व्हॉल्व्ह तापविण्यास अवघे चार वॉट लागतात. आम्हांस हे म्हणजे ग्वाल्हेर आणि पुणे यांच्यातील तहासारखे वाटले व आम्ही लागलीच मान्य केले.

इथे आमची फजिती झाली ती लपवीत नाही. घाईने एका दुकानातून एक स्वस्त यंत्र मागविले. समोर काचेमागे दोन व्हॉल्व्ह नारिंगी उजळलेले. शोभा अशी, की शेजारपाजारचे पाहावयास आले. पुतण्या दिवाळीस आला तेव्हा त्याने पेटी उघडली. व्हॉल्व्हच्या खाली नारिंगी रंगाचा इवलासा विजेचा दिवा लावलेला होता. खरी तार इतकी मंद तापत होती, की तिचा प्रकाश दिसलाच नसता. व्हॉल्व्हच्या पट्टीस दीडशे ते अडीचशे व्होल्टचा दाब मिळाला तर तो आपल्या गुणाने चालतो. इथे पुरता तीसही नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, हे देवळाबाहेर उभे राहून देवदर्शन झाले म्हणण्यासारखे." यंत्र परत केले. अर्धे पैसे बुडाले. वहिनींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, त्याचेच आम्हांस अधिक लागले.

त्यानंतर मात्र आम्ही नीट प्रश्न विचारू लागलो. पहिला प्रश्न स्पीकरचा. आमचे स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ८६ डेसिबल आवाज देणारे, म्हणजे किंचित आळशी. शक्ती दुप्पट केली तर अवघे ३ डेसिबल वाढतात. कानास आवाज दुप्पट वाटावयास शक्ती दहापट लागते. घरातला ख्याल एका-दोन वॉटांत होतो, पण तबल्याची थाप आणि देवळाची घंटा क्षणभर त्याच्या वीस-तीसपट मागतात. ती न मिळाली तर घंटा फुटकी वाजते. तेव्हा दर बाजूस शंभर वॉट ही चैन नव्हे, तो श्वासाचा साठा होय. दुसरा प्रश्न तबकडीचा. ग्रामोफोनच्या सुईतून येणारा संकेत काही सहस्रांश व्होल्टचा असतो; त्यासाठी निराळे दालन पेटीतच आहे का? तिसरा प्रश्न, व्हॉल्व्ह हाताने काढून दुसरा बसविता येतो का, आणि तो मिळतो का? एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह होत असत. आज ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. चौथा प्रश्न सर्वांत अवघड. डी वर्गाचे अंग बिघडले तर काय? दौलतगंजातला कारागीर रोहित्र गुंडाळून देऊ शकत होता; इथे सुईच्या अग्राएवढे भाग, बिघडला तर सबंध पाट बदलावा लागतो. तो पाट सुटा मिळेल असे विक्रेत्याकडून लिहून घेतल्यावाचून आम्ही पुढे पाऊल टाकले नाही.

पुतण्याने मार्गशीर्षात तीन यंत्रे परीक्षेसाठी आणली: एक सबंध व्हॉल्व्हचे, एक निव्वळ डी वर्गाचे आणि एक मिश्र. तीनही एका ओळीत ठेवून त्यांवर पंचा झाकला. "आवाज एकसारखा मापून घेतल्यावाचून परीक्षेस अर्थ नाही," असे म्हणून त्याने मीटर लावून तिन्ही समान केले. कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच अधिक चांगला वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे.

परंतु ऐकण्यास बसलो तो काय, तिन्हींतून एकच गुणगुण! आईचे वाक्य त्या गुणगुणीत बुडालेले. जुन्या यंत्राची म्हणून जी घरघर आम्ही वर्षानुवर्षे सोसली होती ती यंत्राची नव्हतीच. घराच्या वायरिंगास धडचे अर्थिंग नव्हते. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तुळशीवृंदावनाच्या मागे खोल खड्डा खणविला, पट्टी पुरून कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी ओतले. सायंकाळी फीत लावली. गुणगुण गेली होती, आणि आई बोलली. "बाबू, मातशें उदक पी रे." 'मातशें' हा शब्द आम्ही आयुष्यात प्रथमच त्या फितीवर ऐकला, आजवर केवळ 'उदक' तेवढे कळत असे. आणि हे तिन्ही यंत्रांतून सारखेच. खड्डा आणि मीठ यांनी जे केले ते कोणत्याही व्हॉल्व्हने केले नव्हते.

मग पंच्याआडची परीक्षा झाली. डी वर्ग आणि मिश्र यांत वहिनींनी बारा वेळांत सहा वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडविल्यासारखेच, आमचेही तेच. सबंध व्हॉल्व्हचे यंत्र त्यांनी बारांत नऊ वेळा ओळखले. पुतण्या म्हणाला, "तेवढ्यानेही काही सिद्ध होत नाही." आमचे कान सत्तरीचे, दहा हजार कंपनांच्या वर आम्हांस काही ऐकू येत नाही, हेही त्याने तिथेच मापून दाखविले. आम्ही थोडे खट्टू झालो.

तरी वहिनींना विचारले, "हे सबंध व्हॉल्व्हचे तुम्हांस ओळखू आले ते कशावरून?" त्या म्हणाल्या, "तातूंत ते बरे गायतात."

"मग तेच घेऊ या," आम्ही म्हटले. "गोड तर तेच आहे."

वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. मग हळू म्हणाल्या, "भावजी, ते इतके बरे गायनासले." आणि थोड्या वेळाने मराठीत, जणू आम्हांस नीट कळावे म्हणून: "समेवर येण्याआधी त्यांचा श्वास तुटायचा. मी शेजारी बसून तो मोजायची. ह्या यंत्रात तो ऐकू येत नाही असे मला वाटते. गोड करून द्यायला हे काय पानक आहे?"

ते त्यांस खरोखर ऐकू येत नव्हते, की केवळ तसे वाटत होते, हे पुतण्याच्या मीटरास सांगता आले नसते. आम्हीही विचारले नाही. ज्या माणसाचा आवाज होता त्याच्या पत्नीने निकाल दिला होता. ग्वाल्हेरच्या गायकीचे लक्षण खुला आवाज आणि सरळ चाल असे आपण सांगतो. तेव्हा माणसाच्या उणिवेसकट त्याचा आवाज ऐकावा, ह्यात त्या गायकीच्या गावास शोभण्यासारखेच काही आहे, एवढेच आमच्या मनात आले.

मग मिश्र यंत्र का घेतले, निव्वळ डी वर्गाचे का नाही, असे वाचक विचारतील. आवाजावरून नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. वहिनींची दृष्टी आता अधू झाली आहे. निव्वळ डी वर्गाच्या पेटीवर टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका होता. चालू की बंद हे त्यांस कळत नसे, आणि बटणे पाच. मिश्र यंत्रास एकच मोठी मूठ आहे आणि जाळीमागे दोन व्हॉल्व्ह खरेच तापतात. अर्ध्या मिनिटात त्यांची तार लालसर होते. वहिनी बोट जाळीजवळ नेऊन ऊब पाहतात आणि मगच बसतात. देवापुढची समई लावून त्या तिच्याकडे जशा क्षणभर पाहतात, तशाच ह्याच्याकडेही पाहतात. पुतण्या ह्यास भाबडेपणा म्हणतो. असेल. परंतु जे यंत्र म्हाताऱ्या माणसास दुसऱ्याची मदत न मागता चालविता येते, त्याच्या निवडीत भाबडेपणा कमी आणि हिशेब अधिक आहे, असे आमचे मत आहे.

दोन उन्हाळे गेले. गेल्या ज्येष्ठात वीज पाच-पाच तास जाई, तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा आणि हे यंत्र दोन्ही चालत. जुन्यास ते झेपले नसते. एक व्हॉल्व्ह चैत्रात खरखरू लागला. वहिनींच्या देखत आम्ही तो काढून दुसरा बसविला, दिवाणखान्यातला दिवा बदलावा तसा.

असो. ह्या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी, अशा चकऱ्या आणि कॅसेटी पडलेल्या असतील: पालखीपुढची आरती, कोणा बुवांचे कीर्तन, मुंजीतली मंगलाष्टके, आणि त्यांच्या आड कोणाची तरी आई. चुंबकीय फितीचा लेप दमट हवेने चिकट होतो, सुटून पडतो. गोमंतकाच्या पावसाळ्यात तर लवकरच. ध्वनिवर्धक कोणता घ्यावा ह्याची चर्चा आम्ही इतकी केली, पण क्रम उलटा आहे हे आम्हांस उशिरा कळले. प्रथम फीत जाणकाराकडून उतरून घ्या आणि नकला दोन-तीन ठिकाणी ठेवा. मग घराचे अर्थिंग पाहा. मग स्पीकर. ध्वनिवर्धक शेवटी, आणि तो कोणत्याही चांगल्या जातीचा चालेल.

आज गुरुवार आहे. आतल्या खोलीतून घंटा ऐकू येत आहे. पहिले भजन संपत आले. आम्ही लेखणी इथेच ठेवतो, कारण पुढचे वाक्य ऐकावयास आत जाऊन बसण्याचा आमचा परिपाठ आहे.